एमटॉर दाबला की एकेटी का उजळतो : प्रकल्प नोंदी

रॅपामायसिन हे औषध देऊन एमटॉरसी-१ (पेशीची वाढ चालवणारं, एमटॉर या एन्झाइमचं एक संकुल) बंद केला की बऱ्याच पेशींमध्ये एकेटी या पेशी जगवणाऱ्या प्रोटीनचं फॉस्फोरिलीकरण (त्यावर फॉस्फेट बसणं, म्हणजे तो चालू झाल्याची खूण) उलट वाढतं. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये ही वाढ कुठल्या वाटेने येते, तिच्यात ईआरकेच्या मार्गाचा (वाढीचा संदेश नेणाऱ्या शेजारच्या मार्गाचा) हात किती, आणि एकेटी नुसता उजळतो की खरंच जास्त काम करतो, हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन जेलमध्ये वजनानुसार वेगळे करून, मेंब्रेनवर घेऊन, अँटिबॉडीने बँड म्हणून पाहण्याची पद्धत) पाहायचं होतं. हेच काम कुणी हाती घेणार असेल तर वेळ कुठे गेला हे कळावं, म्हणून या नोंदी ठेवल्या. मार्गांचे नकाशे कुठेही मिळतील. प्लेटवर काय अडलं तेवढंच इथे आहे.

३ जून

आराखडा असा: पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवायच्या, मग इनहिबिटर (एखादं प्रोटीन रोखणारी औषधं) द्यायचे, मग आयजीएफ-१ (इन्शुलिनसारखा वाढीचा संदेशक) देऊन १० आणि ६० मिनिटांनी पेशी फोडायच्या. इनहिबिटर दोन, रॅपामायसिन २० नॅनोमोलर आणि ट्रामेटिनिब ५० नॅनोमोलर; ट्रामेटिनिब ईआरकेच्या वरचा मेक रोखतं. वाचायचे प्रोटीन: एकेटी (सेरीन ४७३ आणि थ्रिओनिन ३०८), ईआरके, एस६के (थ्रिओनिन ३८९), एस-६ आणि आयआरएस-१. कंसात फॉस्फेट बसतं त्या अमिनो आम्लाची जागा आहे. एस६के एमटॉरसी-१ च्या खालचा, एस-६ त्याचं लक्ष्य; आयआरएस-१ रिसेप्टरचा (पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या प्रोटीनचा) निरोप आत नेतो.

एकेटीच्या दोन्ही जागा घेतल्या त्याला कारण आहे. ३०८ वर पीडीके-१ हे एन्झाइम फॉस्फेट बसवतं, ४७३ वर एमटॉरचं दुसरं संकुल, एमटॉरसी-२. ज्या औषधाचा हात एमटॉरला लागतो त्याच्या प्रयोगात एकट्या ४७३ वर विसंबणं म्हणजे निकाल आधीच तिरपा करून घेणं.

५ जून

पहिल्या ब्लॉटमध्ये आयजीएफ-१ दिलं काय, न दिलं काय, एकेटी सारखाच. कारण वाढवणीच्या माध्यमात निघालं. एमसीएफ-७ साठी नेहमीच्या कृतीत माध्यमात मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम इन्शुलिन घालतात. हिशोब केला तर ते सुमारे १.७ मायक्रोमोलर होतं. संदेशवहनाच्या प्रयोगात उत्तेजन म्हणून १०० नॅनोमोलर इन्शुलिन भरपूर समजतात, आणि इथे पेशी आठवडेच्या आठवडे त्याच्या सतरापट इन्शुलिनमध्ये वाढत होत्या. इतक्या मात्रेला इन्शुलिन आयजीएफच्या रिसेप्टरलाही चिकटतं. शिवाय सतत इन्शुलिन मिळालं की आयआरएस-१ घटत जातो. आपल्याला ज्या फीडबॅकचा (खालच्या प्रोटीनने वरचा संदेश आवरण्याचा) अभ्यास करायचाय तो प्रयोग सुरू होण्याआधीच पूर्ण ताणलेला असतो.

उपाय: इन्शुलिन नसलेल्या माध्यमात पेशींना दोन पासेज (नव्या प्लेटमध्ये वाटून वाढवण्याच्या दोन फेऱ्या) वाढवायचं. वाढ मंदावते, पण पेशी तग धरतात. त्याच वेळी फिनॉल रेडही काढून टाकलं. हा लाल रंग एस्ट्रोजेनसारखं काम करतो, आणि एमसीएफ-७ एस्ट्रोजेन रिसेप्टरवर जगणाऱ्या पेशी आहेत. तो रिसेप्टर ईआरकेशी दोन्ही बाजूंनी बोलतो: ईआरके त्याच्या सेरीन ११८ वर फॉस्फेट बसवतो, आणि रिसेप्टर उलट ईआरकेला हलवतो. तिसऱ्या मार्गाचा आवाज सुरुवातीलाच बंद केलेला बरा. सीरम वापरायचं तेव्हा कोळशाने गाळलेलं.

पेशी नव्या माध्यमाला रुळेपर्यंत आठवडा जवळजवळ वाया गेला. पण याला जवळची वाट नाही.

१२ जून

इन्शुलिनचा प्रश्न सुटला, पण शून्य मिनिटाच्या लेनमध्ये ईआरके लख्ख. काहीच दिलेलं नाही, सीरम नाही, तरी दोन्ही बँड, ४२ आणि ४४ किलोडाल्टनचे, ठसठशीत.

दोन प्लेट घेतल्या. एक इनक्युबेटरमधून काढून तडक फोडली. दुसरीचं माध्यम बदललं, ५ मिनिटं थांबलो, मग फोडली. पहिलीत ईआरके जेमतेम दिसतो, दुसरीत भरपूर. म्हणजे उत्तेजन माध्यम बदलण्यातच होतं: द्रवाचा झोत, तापमानातला फरक, ताज्या माध्यमाचा वेगळा सामू. ताज्या माध्यमातून अमिनो आम्लं मिळतात आणि एमटॉरसी-१ ला तेवढंच पुरतं, त्यामुळे एस६केसुद्धा चढलेला होता. एका हालचालीने दोन मार्ग एकदम चालू होत होते. ते न ओळखता पुढे गेलो असतो तर त्यालाच दोन मार्गांमधला क्रॉसटॉक (एकाचा दुसऱ्यावरचा परिणाम) समजून बसलो असतो.

आता माध्यम बदलायचं नाही हा नियम. त्याच प्लेटमधलं थोडं माध्यम काढून त्यात आयजीएफ-१ किंवा इनहिबिटर दहापट तीव्र करायचं, ३७ अंशांवर आणायचं आणि प्लेटच्या कडेने हळूच सोडायचं. नियंत्रण प्लेटलाही तेवढंच माध्यम, तेवढंच डीएमएसओ (औषधं ज्यात विरघळवतात ते द्रावक), तेवढंच हलवणं. एका वेळी एकच प्लेट बाहेर काढायची. चार प्लेट टेबलावर रांगेने ठेवल्या तर चौथी गार होते आणि ते ब्लॉटवर दिसतं.

१६ जून

फॉस्फो-एकेटी (फॉस्फेट बसलेला एकेटी) एकदा आला, एकदा गायब. अँटिबॉडी तीच, लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) वेगळं. संशय फॉस्फेटेज इनहिबिटरवर, म्हणजे फॉस्फेट उतरवणारी एन्झाइम रोखायला घातलेल्या रसायनांवर.

ऑर्थोव्हॅनेडेटची बाटली पिवळसर दिसत होती. पिवळं म्हणजे व्हॅनेडेटचे रेणू एकमेकांना जोडले गेलेत आणि ते टायरोसिन फॉस्फेटेज नीट रोखत नाहीत. सामू १० वर आणायचा, रंग जाईपर्यंत उकळायचं, गार करायचं, सामू पुन्हा १० वर आणायचा, आणि द्रावण बिनरंगी होऊन सामू स्थिर राहीपर्यंत हेच करत राहायचं. शिवाय ईडीटीए आणि डीटीटी दोन्ही व्हॅनेडेटला निकामी करतात, आणि आमच्या लायसिस बफरमध्ये ईडीटीए होतंच.

शेवटी सौम्य डिटर्जंटचा बफरच सोडला. आता गरम एसडीएस बफर थेट प्लेटवर ओततो. सगळी एन्झाइम तिथल्या तिथे मरतात, फॉस्फेट जसंच्या तसं राहतं. त्रास दोन. डीएनएमुळे लायसेट चिकट दोरीसारखं होतं, म्हणून सोनिकेशन करावं लागतं. आणि प्रोटीन मोजायला ब्रॅडफर्ड चालत नाही, बीसीए लागतं, तेही डीटीटी आणि निळा रंग घालायच्या आधी. या पद्धतीत इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीने एकच प्रोटीन अर्कातून ओढून काढणं) करता येत नाही, त्यामुळे आयआरएस-१ च्या टायरोसिनवरचं फॉस्फोरिलीकरण नीट पाहायचं तर वेगळा संच लागेल. तूर्त सोडून दिलं.

ब्लॉकिंगला (मेंब्रेनच्या मोकळ्या जागा झाकायला) दुधाची पूड बंद. दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. त्याऐवजी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), आणि धुवायला टीबीएसटी हा फॉस्फेट नसलेला बफर.

२० जून

पहिला विश्वास ठेवण्याजोगा ब्लॉट.

आयजीएफ-१ ने १० मिनिटांत एकेटी ४७३ आणि ३०८ दोन्ही चढले. ६० मिनिटांनी दोन्ही बरेच उतरले. रॅपामायसिन आधी ३० मिनिटं दिलेल्या प्लेटमध्ये १० मिनिटांचा बँड जवळपास तेवढाच, पण ६० मिनिटांचा बँड उतरत नाही. फरक शिखराच्या उंचीत नसून उतरणीत आहे. फीडबॅक म्हटला की असंच दिसायला हवं: एस६के चालू व्हायला वेळ लागतो, मग तो आयआरएस-१ च्या सेरीनवर फॉस्फेट बसवतो, आणि मग वरून येणारा संदेश मंदावतो. रॅपामायसिनने एस६के अडवला की हा लगाम बसतच नाही.

सगळे करतात तसा १० मिनिटांचा एकच नमुना घेतला असता तर "रॅपामायसिनचा एकेटीवर फारसा परिणाम नाही" असं लिहून मोकळा झालो असतो. या कामात वेळेचा दुसरा बिंदू ही चैन नाही.

आयआरएस-१ चा बँड १८० किलोडाल्टनच्या आसपास येतो, अमिनो आम्लांवरून काढलेलं वजन मात्र १३२ आहे. पहिल्या वेळी खालीच शोधत बसलो. ट्रान्सफर रात्रभर, कमी व्होल्टेजवर, कमी मेथॅनॉलमध्ये.

२५ जून

आता सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली गोष्ट. सविस्तर लिहितो, कारण इथे पुष्कळांचे निकाल फसत असणार असं मला वाटतं.

रॅपामायसिन काम करतंय की नाही हे पाहायला आम्ही एस-६ वापरत होतो, सेरीन २३५/२३६ ची अँटिबॉडी. ती स्वस्तात पडते, बँड ३२ किलोडाल्टनवर झगझगीत येतो, सगळे वापरतात. रॅपामायसिनच्या छोट्या प्रयोगांत तो बँड नीट खाली जात होता. पण २४ तास रॅपामायसिन ठेवलेल्या प्लेटमध्ये तो थोडा परत आला. औषध खराब झालं, असं पहिल्यांदा वाटलं. नवी कुपी उघडली, निकाल तोच. त्याच लायसेटवर एस६के ३८९ पाहिला तर पार शून्य. एस६के मेलेला, आणि त्याचं लक्ष्य जिवंत.

वाट दुसरीकडून होती. एस-६ च्या २३५/२३६ या जागेवर एस६के एकटाच फॉस्फेट बसवत नाही, ईआरकेच्या खालचा आरएसकेही बसवतो. पीकेए हा आणखी एक किनेजसुद्धा (फॉस्फेट बसवणारं एन्झाइम) तिथे पोचू शकतो. २४०/२४४ ही जागा मात्र एस६केची.

पडताळणी अशी केली. पेशींना १०० नॅनोमोलर पीएमए दिलं. हे प्रोटीन किनेज सी मार्फत ईआरके जोरात चालू करतं. सोबत रॅपामायसिन, ट्रामेटिनिब, किंवा दोन्ही. रॅपामायसिन असताना २४०/२४४ पुसला गेला, २३५/२३६ राहिला. त्यावर ट्रामेटिनिब टाकल्यावर तोही गेला. चारही लेन एकाच मेंब्रेनवर शेजारी शेजारी. पाहिल्यावर शंका उरली नाही.

मग प्रश्न राहतो तो २४ तासांच्या रॅपामायसिनमध्ये आरएसके चालू कशाने झाला याचा. फॉस्फो-ईआरके पाहिला: तोही नियंत्रणापेक्षा वर. एमटॉरसी-१ दाबला की लगाम सुटतो तो एकेटीपुरता नाही. एकेटीच्या वरच्या पीआय-३ किनेजमधून, रास या प्रोटीनमार्गे, ईआरकेलाही फायदा होतो, हे २००८ पासून छापील साहित्यात आहे. आमच्या पेशींमध्ये पीआय-३ किनेजचा अल्फा प्रकार रोखणारं अल्पेलिसिब सोबत दिलं तेव्हा ईआरकेची ही वाढ बरीच उतरली.

म्हणजे साखळी अशी: रॅपामायसिनने एस६के बंद केला, त्यामुळे ईआरके वाढला, त्यामुळे आरएसके वाढला, आणि आरएसकेने नेमकी तीच खूण रंगवली जी पाहून आपण "रॅपामायसिन चाललं का" ठरवतो. औषधाचा परिणाम मोजायची पट्टी त्या औषधानेच वाकवली होती.

इथून पुढे प्रत्येक मार्गाला कमीत कमी दोन खुणा, आणि त्यातली एक तरी दुसऱ्या मार्गाशी न वाटलेली. एमटॉरसी-१ साठी एस६के ३८९ आणि एस-६ २४०/२४४. २३५/२३६ ची उरलेली अँटिबॉडी आरएसकेचा अंदाज घ्यायला ठेवली.

२ जुलै

२४ तासांचा नमुना आणखी एका कारणाने अडवतो. रॅपामायसिन थोड्या वेळात फक्त एमटॉरसी-१ ला धरतं. जास्त वेळ राहिलं तर काही पेशीप्रकारांत एमटॉरसी-२ ची जुळणीच होऊ देत नाही, आणि मग एकेटी ४७३ वाढण्याऐवजी घटतो. आमच्या एमसीएफ-७ मध्ये २४ तासांनी ४७३ अजून वर होता, पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या दुसऱ्या पेशींमध्ये त्याच कुपीतल्या औषधाने तो साफ खाली. दोघांचंही बरोबर होतं. तुमच्या पेशींवर वेळेची मालिका काढल्याशिवाय दुसऱ्याचा निकाल गृहीत धरू नका.

तुलनेसाठी टोरिन-१ दिलं, २५० नॅनोमोलर. ते दोन्ही संकुलं बंद करतं, त्यामुळे ४७३ लगेच गेला. त्याच ब्लॉटवर फोर-ईबीपी-१, एमटॉरसी-१ चं आणखी एक लक्ष्य, पाहिला. रॅपामायसिनने त्याच्या तीन पट्ट्यांपैकी वरची जेमतेम हलते, टोरिनने सगळा माल खालच्या पट्टीत येतो. हा प्रोटीन १५ ते २० किलोडाल्टनचा, साध्या ०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून आरपार निघून जातो. ०.२ मायक्रॉनचं मेंब्रेन आणि १५ टक्के जेल लागलं.

९ जुलै

ट्रामेटिनिबची बाजू. फॉस्फो-ईआरके अपेक्षेप्रमाणे गेला. फॉस्फो-मेक मात्र वाढला. घाबरू नका. ईआरके नेहमी मेकच्या वरच्या रॅफला आवरत असतो. ईआरके थांबला की रॅफ मोकळा होतो आणि मेकवर आणखी फॉस्फेट चढवतो, पण मेकलाच औषध चिकटलेलं असल्याने पुढे काही जात नाही.

एकेटीचं काय? आयजीएफ-१ वर जवळजवळ काही नाही. हेरेग्युलिनवर (हर-२ च्या घराण्यातले रिसेप्टर चालू करणारा संदेशक) मात्र ट्रामेटिनिबने एकेटी स्पष्ट वर गेला. कारण समजण्यासारखं आहे. ईआरकेचा हा लगाम ईजीएफ रिसेप्टर आणि हर-२ च्या पडद्यालगतच्या थ्रिओनिनवर असतो, ईजीएफआरमध्ये ६६९, हर-२ मध्ये ६७७. उत्तेजन त्या घराण्यातून आलं तरच तो सुटलेला दिसतो. आयजीएफचा रिसेप्टर त्या वाटेवर नाही. त्यामुळे "मेक दाबल्यावर एकेटी वाढतो का" या प्रश्नाला कुठल्या लिगँडवर (रिसेप्टर चालू करणाऱ्या संदेशकावर), हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

रॅपामायसिनच्या बाजूने उलट चाचणी केली. लिन्सिटिनिबने आयजीएफ रिसेप्टर रोखला, आणि रॅपामायसिनमुळे टिकून राहणारा एकेटी कोसळला. वाढ रिसेप्टरमधूनच येते, एकेटीपाशी कुठे आडून शिरत नाही, एवढं यावरून म्हणता येतं. आयआरएस-१ किती आणि जीआरबी-१० किती, हे या प्रयोगातून वेगळं होत नाही. एमटॉरसी-१ जीआरबी-१० लाही टिकवून धरतो आणि तोही रिसेप्टरला आवरतो, दोन्ही एकाच दिशेला ढकलतात.

१४ जुलै

फ्रीझरमध्ये एलवाय-२९४००२ ची जुनी कुपी होती, अल्पेलिसिब वाचवावं म्हणून ती वापरून पाहिली. निकाल कामाचा नाही. हे औषध पीआय-३ किनेजसोबत एमटॉर आणि सीके-२ या किनेजांनाही धरतं. ज्या दोन खांबांमधलं नातं मोजायचंय ते दोन्ही एकदम पाडणारं हत्यार इथे नको. वर्टमॅनिन हे पीआय-३ किनेजचं दुसरं इनहिबिटरही बाजूला ठेवलं, पाण्यात फार लवकर विघटन पावतं आणि तासाभराच्या प्रयोगात शेवटी किती उरलं हे कळत नाही. हा संच वाया, लायसेट टाकून दिलं.

१८ जुलै

एकेटी उजळला, पण काम करतो का? खालचं लक्ष्य म्हणून जीएसके-३ बीटाचा सेरीन ९ घेणार होतो. तो रद्द. त्याच जागेवर आरएसके आणि एस६केही फॉस्फेट बसवतात, म्हणजे एस-६ चीच गोष्ट पुन्हा. पीआरएएस-४० चा थ्रिओनिन २४६ घेतला. रॅपामायसिनखाली ६० मिनिटांना तो नियंत्रणापेक्षा वर राहिला, आणि एमके-२२०६ ने एकेटी रोखल्यावर खाली आला. तेव्हा हो, जास्तीचा एकेटी काम करतो.

एकेटीचा इनहिबिटर निवडताना सांभाळा. एमके-२२०६ एकेटीला मिटलेल्या आकारात अडकवतं, त्यामुळे ४७३ आणि ३०८ दोन्ही उतरतात. इपाटासर्टिब एटीपीच्या जागी बसतं. त्याने एकेटी निष्क्रिय होतो, पण त्याची फॉस्फेटं उलट झाकली जाऊन टिकतात, आणि ब्लॉटवर एकेटी आणखी तेजस्वी दिसतो. निष्क्रिय एकेटीचा बँड सक्रिय एकेटीपेक्षा गडद! म्हणून खालच्या लक्ष्याशिवाय फॉस्फो-एकेटीवरून काही ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

२३ जुलै

मोजमाप. केमिल्युमिनेसन्समध्ये (रासायनिक क्रियेच्या प्रकाशाने बँड पाहण्याच्या पद्धतीत) गडद बँड लवकर सपाट होतात आणि दुप्पट-तिप्पट फरक दिसेनासा होतो. प्रत्येक जेलवर एकाच लायसेटची पायरीपायरीने पातळ केलेली मालिका चढवली आणि तिच्या सरळ रेषेत बसणारेच बँड मोजले. एका मेंब्रेनवरून अँटिबॉडी उतरवून दुसरी लावणं सोडलं. फॉस्फो-ईआरके आणि एकूण ईआरके एकाच जागी येतात, जुनी अँटिबॉडी पूर्ण निघत नाही आणि एकूणच्या बँडमध्ये फॉस्फोचा अंश राहतो. जुळी जेल चालवली. लायसेट दुप्पट लागतं, अँटिबॉडी जास्त जाते, खर्चाचा मोठा वाटा इथेच गेला. पातळ केलेली फॉस्फो-अँटिबॉडी अझाइड घालून ४ अंशांवर ठेवून पुन्हा वापरली, तेवढीच बचत. एचआरपी (हा प्रकाश पाडणारं एन्झाइम) जोडलेल्या दुय्यम अँटिबॉडीत मात्र अझाइड घालू नका, एचआरपी मरतं.

लोडिंगसाठी (सगळ्या लेनमध्ये सारखंच प्रोटीन चढलंय ना, हे पाहायला) व्हिन्क्युलिन. जीएपीडीएच ३७ ला येतो आणि एस-६ ३२ ला, मेंब्रेन कापताना पाती नेमकी बँडवरून जाते.

२८ जुलै

शेवटचा संच. प्रत्येक लिगँडला चार लेन: डीएमएसओ, रॅपामायसिन, ट्रामेटिनिब, दोन्ही. चौथी लेन नसेल तर दोन मार्ग एकमेकांवर परिणाम करतात की आपापला परिणाम शेजारी शेजारी टाकतात, हे ठरवता येत नाही. बँडच्या गुणोत्तरांचे लॉग घेऊन पाहिलं. आयजीएफ-१ वर दोन्ही औषधांचा एकत्र परिणाम रॅपामायसिनच्या एकट्याच्या परिणामाच्या आसपासच आहे, म्हणजे एकेटीच्या वाढीत ईआरकेचा हात इथे नगण्य. हेरेग्युलिनवर दोन्ही मिळून एकेटी प्रत्येकापेक्षा वर जातो, पण बेरजेच्या पुढे नाही. वेगवेगळ्या पासेजच्या पेशींवर हीच दिशा आली, आकडे मात्र हलतात, म्हणून आकड्यांवर अजून भर देत नाही.

उरलेलं काम: आयआरएस-१ आणि जीआरबी-१० वेगळे करायचे तर जीआरबी-१० चा सायलेन्सिंग आरएनए लागेल, आणि इम्युनोप्रेसिपिटेशनसाठी ताज्या व्हॅनेडेटचा, ईडीटीए नसलेला बफर. उणे ८० अंशांवर २० जूननंतरची लायसेट आहेत. त्याआधीची, माध्यम बदलून घेतलेली, कुणीही वापरू नयेत म्हणून काढून टाकली.